'हाओ' म्हणजे 'बरं'

चिनी शिकायला घेतलं की पहिल्याच दिवशी भेटतो तो शब्द म्हणजे 'हाओ'. कुठलंही ॲप उघडा, अर्थ दिलेला असतो 'गुड'. पुण्यात हिंजवडीच्या बसमध्ये रोज घोकताना माझ्या लक्षात आलं, की हा शब्द इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर कळतो. आपला 'बरा' घेऊन बघा.

'नी हाओ मा?' म्हणजे तुम्ही बरे आहात ना? कुणी काम सांगितलं की 'हाओ', म्हणजे 'बरं'. 'हाओ त्वो' म्हणजे बरेच, 'हाओच्यू' म्हणजे बराच काळ. दुखणं गेलं की 'हाओ ल', बरं झालं! एकट्या 'गुड'ला हे झेपत नाही. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. क्रियापदाआधी 'हाओ' लावला की 'हाओछ्र' म्हणजे चविष्ट, 'हाओखान' म्हणजे दिसायला छान. 'मी बरा आहे' याला 'वो हन हाओ' म्हणतात. शब्दशः 'मी खूप बरा', त्यात 'आहे' नाहीच. आवाज खाली नेऊन वर आणायचा. तो वरून झटकन खाली आणला तर अर्थ होतो 'आवड असणे'.

2020 च्या गलवाननंतर 'त्यांची भाषा कशाला शिकतोस?' हा प्रश्न मला हमखास येतो. मला तेव्हा सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांतले ते एक. तिथे ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराने ते गेले. पाचांपैकी तेवढे एकच परतले नाहीत.

जखम बांधायला भाषा लागत नाही. पण जखमी माणसाला 'बरं वाटतंय का?' हे त्याच्याच भाषेत विचारावं लागतं. चिनीत त्यासाठी तीन छोटे शब्द पुरतात: 'हाओ ल मा?' शिकायचं तर इथूनच सुरुवात करा, आणि वहीत अर्थ लिहिताना 'गुड' नको, 'बरा' लिहा.