वाकळ पुरी झाली परमुलखात

आमच्या माणदेशात वाकळ शिवायला बायकांना वर्षातले दोनच महिने मिळायचे, चैत्र आणि वैशाख. शाळूची काढणी-मळणी उरकलेली असायची, कडबा रचून झालेला असायचा आणि मृगाला अजून अवकाश असायचा. त्यातही लग्नसराई, पाहुणेरावळे आणि पाण्याच्या खेपा होत्याच. दुपारची भाकरी झाली की शेणानं सारवलेल्या सोप्यात लुगड्यांचे थर अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा असं काहीतरी जड ठेवायचं आणि चार बाजूंना चार बायका बसायच्या. मृगाचा पाऊस झाला की ज्या टाक्यावर सुई असेल त्याच टाक्यावर काम थांबायचं. अर्धी वाकळ सुईसकट गुंडाळून माळ्यावर जायची. पुढच्या चैत्रात निघाली तर निघाली. घराघरात अशी एक-दोन गाठोडी असायचीच. त्याला कुणी आळस म्हणत नसे. आमची आई म्हणायची, "रान थांबत न्हाई बाई. वाकळ काय कुठं पळून जातीय व्हय?"

माझ्याकडं अशी तीन गाठोडी होती. तिन्ही पुरी झाली ती अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, लेकीच्या घरी. पण ती कशी पुरी झाली ते सांगण्याआधी त्यांत काय होतं ते सांगायला पाहिजे. कारण आमच्या भागातल्या कापडाचा सगळा इतिहास त्या तीन गाठोड्यांत बांधलेला होता.

पुण्या-मुंबईकडं गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. वाकळेला नवं कापड कुणी घालत नाही. नऊवारी लुगडं आधी नेसायचं. मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन धडकी टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा, आणि पुन्हा नेसायचं. दंडाचं लुगडंही फाटलं की त्याचं जुनेर व्हायचं. जुनेर धुऊन धुऊन मऊ झालं की ते वाकळेत जायचं. मोठ्या वाकळेला अशी पाच-सहा लुगडी सहज लागत. म्हणजे एका वाकळेत एका बाईची दहा-बारा वर्षं तरी असतात. गाडगेबाबा असल्याच ठिगळांचं अंगावर घालून गावोगाव फिरायचे, म्हणून लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे. ज्याला काहीच नाही त्याचं हे पांघरूण.

पहिलं गाठोडं आईचं. त्यात तळाला आज्जीचं एक जाडंभरडं लुगडं होतं. दुसऱ्या महायुद्धात कापड मिळेनासं झालं आणि 1943 साली सरकारनं कापडावर कंट्रोल आणला. आज्जी सांगायची, तेव्हा घरातल्या दोन बायकांत बाहेर जायजोगं लुगडं एकच होतं. एक बाजाराला गेली की दुसरी घरात. पुढं कंट्रोलचं कापड मिळालं तेच हे लुगडं. त्याच्यावर आईची दोन लुगडी. त्यातल्या एकाचा गुडघ्याजवळचा भाग चाळणीसारखा झालेला. ते 1972 च्या दुष्काळातलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि बसून बसून लुगडं गुडघ्यावर विरायचं. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायचा. त्या साली आमच्या घरात वाकळ शिवायला जुनेर उरलंच नाही. जे जुनेर तेच नेसायचं होतं.

दुसरं गाठोडं सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्या म्हणायचो. त्यात गिरणीची पातळं होती. माझे चुलतसासरे मुंबईत गिरणीत होते. आमच्या सातारा जिल्ह्यातली किती घरं त्या गिरण्यांवर चालली याची गणती नाही. ते दिवाळीला येताना सुती पातळ आणायचे, कधी रंग चुकलेल्या कापडाचे तुकडे आणायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. आमचे चुलतसासरे वळकटी घेऊन गावाला आले ते परत गेलेच नाहीत. पातळं यायची बंद झाली. तोवर बाजारात नायलॉन आणि टेरिकॉट आलंच होतं. नायलॉनची साडी टिकायला चांगली, धुवायला हलकी, दंड घालायची गरजच नाही. पण वाकळेला ती कुचकामी. थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही, आणि चुलीची ठिणगी पडली की जळून भोक पडतं. सुती साड्या गेल्या तशा वाकळाही गेल्या. त्यांच्या जागी सोलापुरी चादरी आणि बाजारातली ब्लँकेटं आली.

तिसरं गाठोडं लहान. लेकीच्या वेळी 1991 साली मी दुपटं शिवायला घेतलं होतं. ती जन्मली ऐन सुगीत. बाराव्या दिवसानंतर माझ्या हातात सुई आलीच नाही, पुढं खुरपं आलं.

2022 च्या ऑक्टोबरात लेकीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं. विमानात दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलोच्या. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट, चटणी भरली. माळ्यावरनं गाठोडी काढली तर आईच्या वाकळेला एका कडेनं कसर लागलेली. तेव्हाच वाटलं, आता नाही तर कधीच नाही. फोनवर लेक म्हणाली, "आई, एवढ्या लांब चिंध्या कशाला आणतीस? हितं सगळं मिळतं." मी तिन्ही गाठोडी भरली आणि लाडवांचा एक डबा मागं ठेवला.

परदेशात मला पहिल्यांदा मोकळा वेळ म्हणजे काय ते कळलं. साठी उलटेपर्यंत माझ्या हाताला सहा महिने रान नव्हतं, असं कधी झालं नव्हतं. तिथं जनावर नाही, पाणी भरणं नाही, भांडी मशीन धुतं. बाळ झोपलं की घर शांत. बाहेर बर्फ. लेक-जावई कामावर जायला लागले तसे हात खायला उठले. कष्टाला मी भीत नाही, पण रिकाम्या हातांची मला भीती वाटायला लागली. मग मी आईचं गाठोडं सोडलं.

सारवलेली जमीन तिथं नाही. खाली गालिचा, त्याच्यावर शिवलं तर सुई गालिचाच धरते. मग जेवायच्या टेबलावर थर अंथरले. कोपऱ्यांना पाटा-वरवंट्याऐवजी शेजारणीनं शिकवल्याप्रमाणं चिकटपट्टी लावली. ही शेजारीण वयानं माझ्याएवढीच. ती मला गावातल्या लायब्ररीत घेऊन गेली. तिथं आठवड्यातून एकदा बायका आपापली अर्धवट शिवणं घेऊन बसतात. उडत्या तबकडीला इंग्रजीत यूएफओ म्हणतात ना, या बायका अर्धवट शिवणालाही यूएफओच म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट्स. लेकीनं अर्थ सांगितला तेव्हा मी खूप हसले. म्हणजे आमच्या माळ्यावरची गाठोडी सगळ्या जगात आहेत तर!

तिथंच मला दुसऱ्या मुलखांतल्या वाकळा कळल्या. पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर म्हणून भाग आहे. तिथं आमिश लोक राहतात. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात युरोपातून आले. अजून घोड्या-खेचरांवर नांगरट करतात, घरात तारेची वीज घेत नाहीत. त्यांच्या वाकळा बघायला जावईबापूंनी मला नेलं. गडद जांभळा, लाल, काळा, सगळी एकरंगी कापडं आणि त्यावर आपल्यासारखाच धावदोरा. पण ही कला त्यांनी युरोपातून आणलेली नव्हती. अमेरिकेत आल्यावर एकोणिसाव्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून ती ते शिकले. परमुलखात शेजार मिळाला आणि सुई शिकायला मिळाली.

लायब्ररीतल्या चित्रांच्या पुस्तकात आणखी एक वाकळ होती. 1841 साली 'राजा' नावाच्या जहाजातून इंग्लंडहून 180 कैदी बायकांना टास्मानियाला धाडलं. एलिझाबेथ फ्राय नावाच्या बाई तुरुंगातल्या बायकांसाठी काम करायच्या. त्यांच्या मंडळानं या कैद्यांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे दिले. समुद्रावर तीन महिने गेले. त्या बायकांनी 2,815 तुकडे जोडून एक मोठं पांघरूण केलं. त्याला आत थर नाही की अस्तर नाही. म्हणजे आमच्या हिशेबानं ती वाकळ अर्धीच आहे. तरी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात ती जपून ठेवलीय. लेक वाचून दाखवत होती आणि मला त्या बायकांचे हात दिसत होते. देश सुटला, लेकरं सुटली, हाताला काम तेवढं उरलं.

उलटंही झालंय. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरच्या जंगलात सिद्दी लोक आहेत. त्यांच्या पूर्वजांतल्या अनेकांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. त्यांच्या बायका ज्या वाकळा शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मधे येतात, अगदी आमच्यासारख्या. जुनं कापड प्रत्येक देशात असतंच, नि थंडीही असते.

आईची वाकळ पुरी करायला मला अडीच महिने लागले. कसर लागलेली कड कापायची वेळ आली तेव्हा कात्री दोन दिवस टेबलावर पडून होती. शेवटी कड कापली, पण आज्जीच्या लुगड्याचा काठ ठेवला आणि आत दुमडून घेतला. गुडघ्यावरचा चाळणी झालेला भाग मात्र मुद्दाम वर घेतला. त्याच्यावर टाके दाट घातले, म्हणजे सूत एकमेकांना धरून राहतं. मधला शेवटचा चौकोन बंद करण्याआधी आईच्या रितीप्रमाणं भाकरीचा वाळका तुकडा आत ठेवला. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही. तिथं भाकरी मीच थापली, ज्वारीचं पीठ इंडियन दुकानात मिळतं.

दुपटं दहा दिवसांत झालं. नातीला गुंडाळलं तेव्हा लेक म्हणाली, "हे माझंच होतं ना गं?" मी म्हटलं, "तुझंच. बत्तीस वर्षं उशीर झाला एवढंच."

आत्यांची वाकळ पुरी होता होता मार्च संपला. सहा महिन्यांची मुदत होत आली होती. आत्यांची वाकळ गावाकडं न्यायची, हे ठरलेलं. पण आईच्या वाकळेवरून घरात चर्चा झाली. लेकीला ती काच लावून भिंतीवर टांगायची होती. तिकडं तशी पद्धत आहे. 1971 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या वाकळा चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तेव्हापासून तर लोक त्यांना कलाच म्हणायला लागले. लेकीचं म्हणणंही खोटं नव्हतं. "आई, ऐंशी वर्षांचं कापड आहे हे. वापरलं तर चार वर्षांत संपेल. मग पोरीला काय दाखवू?"

मी रात्रभर विचार केला. टांगली तर कापड टिकेल, पण खडी फोडणाऱ्या बाईचं लुगडं काचेत शोभेला राहील. आईला ते आवडलं नसतं. सकाळी लेकीला म्हटलं, "अगं, वाकळ कधी संपत नसती. वरचा थर विरला की त्याच्यावर दुसरं जुनेर घालायचं आणि परत टाके घालायचे. खालचं तसंच राहतं. आज्जीचं लुगडं आईच्या लुगड्याखाली असंच राहिलंय की." ती म्हणाली, "माझ्याकडं सुती साडी आहे कुठं?" मग मी माझ्या नेसणीतल्या दोन सुती साड्या तिच्या कपाटात ठेवल्या आणि शेवटचे आठ दिवस तिला धावदोरा शिकवला. तिचे टाके लांब लांब पडले, ओळ वाकडी गेली. ते मी उसवले नाहीत. आईच्या वाकळेच्या एका कोपऱ्यात ते तसेच आहेत.

एप्रिलात मी गावी आले. मृगाला दीड महिना होता आणि बांधाची कामं पडली होती. परवा फोनवर नात वाकळ ओढत घरभर फिरताना दिसली. एका जागी ती उसवलीय. लेक म्हणाली, सुट्टीच्या दिवशी शिवते.