खिडकीतला ग्लास

आज आपल्या मांडणीवरच्या भांड्यांचा इतिहास बघू या. कप, ग्लास, फुलपात्र, रोज हातात असतात, पण त्यांच्याकडे आपण नीट बघत नाही.

कोणतं पेय कशात प्यायचं, याचं शहाणपण आपल्या आज्यांना होतं. पाणी तांब्या-फुलपात्रात. ताक मात्र बिनकल्हईच्या पितळेत ठेवायचं नाही, ते कळकतं. आंबटाचा धातूवर परिणाम होतो, म्हणून कल्हईवाला दारावर आला की सगळी भांडी बाहेर निघायची. पुढे स्टील आलं आणि ती काळजी मिटली. पण स्टीलच्या ग्लासात गरम चहा घेतला की पदरानं धरावा लागतो. चहाला कपबशी बरी. कपाला कान असतो, बोट भाजत नाही, आणि बशीत ओतला की चहा पसरतो, लवकर निवतो. टपरीवर काचेचा लहान ग्लास, कटिंगपुरता.

ही झाली पेयाची सोय. पण आपल्याकडे भांडं ठरायचं ते पिणाऱ्याच्या जातीवरूनही.

धातूचं भांडं राखेनं, चिंचेनं घासलं की शुद्ध होतं, मातीचं होत नाही, अशी जुनी समजूत. त्यामुळे चिनीमातीचा कप आला तेव्हा सोवळ्यातली माणसं त्याच्याकडे संशयानं बघत. त्यात तो परधर्मीयाच्या हातचा असेल तर विचारायलाच नको. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी गेली होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पाहुण्यांसमोर चहा-बिस्किटं आली. नंतर हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रकरणाबद्दल लिहिलं आहे. एका कपानं एवढं रामायण घडलं!

आता कोल्हापूरला चला. राजर्षी शाहू महाराजांच्या तबेल्यात गंगाराम कांबळे नोकरीला होते. दलित माणूस हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. पण दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजानं प्यायलेल्या कपाला नाव कोण ठेवणार?

महाडला तर ना कप होता ना ग्लास. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. बरोबरचे हजारो लोकही प्यायले. त्यांना मारहाण झाली, आणि नंतर तळं 'शुद्ध' करायला शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या गेल्या. पुढे 1950 साली आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या 17व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. 15व्या कलमानं हॉटेलं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले झाले. तरी गावोगावच्या हॉटेलांत दलितांचा कप वेगळा राहिलाच. 1970च्या दशकात बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली.

हे सगळं मी बी.ए.ला शिकले. महाडची तारीख पेपरात लिहून मार्कही मिळवले. आणि तरी एकदा गप्प बसले, ते आज सांगते.

आमचा एक गट नवीन होता. बैठक पाळीपाळीनं एकेकीच्या घरी. एका घरी नऊ जणींना कपबशीत चहा आला. दहाव्या मावशींना मात्र खिडकीत ठेवलेला स्टीलचा ग्लास. मावशींनी चहा प्यायला, ग्लास स्वतः विसळला आणि परत खिडकीत ठेवला. मी बघितलं. गट फुटेल या भीतीनं बोलले नाही. वाटेत मावशीच म्हणाल्या, "राहू दे गं ताई, मला सवय हाय." त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या बैठकीत मी विषय मांडला. वादावादी झाली. शेवटी ठराव प्रोसिडिंगच्या वहीत लिहिला : व्याजाच्या पैशातून गटाचे एकसारखे बारा ग्लास घ्यायचे, बैठक कुणाच्याही घरी असो, चहा त्यातच. विसळायची पाळी सगळ्यांची. एक सभासद दोन बैठकांना आली नाही. तिसरीला आली. त्या दिवशी विसळायची पाळी तिची होती. तिनं बाराही ग्लास विसळले.

स्टीलमध्ये चहा जरा चटका देतो खरा, पण आम्ही तेच ठेवलेत.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपली खिडकी बघा, पडवीतला कोनाडा बघा. शेतावरच्या बाईसाठी, धुण्याभांड्याच्या ताईसाठी वेगळा कप तिथे असेल, तर तो उचलून मांडणीवर बाकीच्या कपांत ठेवा. मी बोलायला एक महिना उशीर केला. तुम्ही करू नका.