वर्धा जिल्ह्यातील शेतकरी आणि हवामानवार्ता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र हवामानवार्ता मात्र १९४५ मध्ये सुरू झाली. तोवर, आणि त्यानंतरही, वर्ध्यातील कोरडवाहू कपाशीची पेरणी मृगाच्या भरवशावरच होत असे. खात्याची भाषा मिलिमीटरची, शेतकऱ्याची नक्षत्रांची. हे अंतर खात्याने फारसे मनावर घेतले नाही, असे म्हणावे लागते. २००८ पासून कृषी हवामान सल्ला जिल्हास्तरावर, मराठीतून मिळू लागला. हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही वर्धा जिल्हा होता. परंतु देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. अंदाज बराच काळ जिल्ह्याचाच असे. पाऊस आर्वीला पडतो, हिंगणघाटला उघडीप राहते, आणि दुबार पेरणीचे बियाणे शेतकऱ्यालाच विकत घ्यावे लागते.