बरगडीखालची वायर: नर्व्ह ब्लॉकची गोष्ट

आजचा विषय जरा जड आहे, पण घरात कधी कुणावर वेळ आली तर माहीत असावा असा. कॅन्सर बरगडीपर्यंत पोचल्यावर जे दुखतं ते, आणि ते सुईनं थांबवायची शंभराहून जास्त वर्षांची धडपड.

आधी एक साधा हिशोब. पाय मोडला तर प्लास्टर घालून तो गप्प ठेवता येतो. बरगडीला मात्र सुट्टीच नाही. आपण मिनिटाला साधारण 15 वेळा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला 20 हजारांहून जास्त वेळा. तितक्या वेळा बरगड्या हलतात. तिथे गाठ असली की खोकला, शिंक, कूस बदलणं, अगदी हसणंही नको होतं. माणूस दुखू नये म्हणून अर्धाच श्वास घ्यायला लागतो. मग कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती येते.

पण याच जागेत एक सोयही आहे बघा. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते. त्यात शीर, धमनी आणि त्यांच्या खाली मज्जातंतू, असे तिघं सोबत जातात. भिंतीवरच्या पट्टीतून वायर नेतात ना, अगदी तसं. दुखण्याचा निरोप याच वायरमधून मेंदूकडे जातो. म्हणजे तो अडवायचा कुठे, हे नक्की ठाऊक आहे. औषध टोचून असा निरोप अडवणं, यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

सुरुवात झाली 1884 मध्ये. व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर याच्या लक्षात आलं, की कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो आणि माणूस मात्र जागा राहतो. हा शोध हायडेलबर्गच्या परिषदेत वाचला गेला, पण तिथे जायला कोलरकडे पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरनं वाचला! लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्याचे सहकारी कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचायला लागले. प्रयोग स्वतःवरही केले. त्यात हॉलस्टेडला कोकेनचं व्यसन लागलं.

म्हणून सुरक्षित औषध हवं होतं. 1904 मध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं प्रोकेन बनवलं. नोव्होकेन या नावानं ते गाजलं. हाइनरिश ब्राउन या सर्जननं ते वापरात आणलं, आणि 1907 मध्ये बरगड्यांमधल्या मज्जातंतूंना भूल कशी द्यायची, ते लिहून ठेवलं. इंटरकोस्टल ब्लॉक तो हाच.

आता अडचण अशी, की अशा भुलीचा असर काही तासांचा. ऑपरेशनला ते पुरतं. कॅन्सरच्या पेशंटचं काय? त्याला उद्याही श्वास घ्यायचाय.

1931 मध्ये इटलीच्या आकिले डोल्योत्ती यानं पाठीच्या कण्यातल्या पाण्यात अल्कोहोल टोचून मज्जातंतूची मुळंच निकामी करायची पद्धत मांडली. अल्कोहोल त्या पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगणारं. म्हणून दुखरी बाजू वर ठेवून पेशंटला झोपवायचं. 1955 मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट माहेर यानं ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं फिनॉल वापरलं. ते जड, खाली बसणारं. म्हणून आता दुखरी बाजू खाली! आराम महिनोन् महिने मिळायचा, पण किंमतही होती. औषध भलतीकडे पसरलं तर पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा जायचा. पुढे मज्जातंतू पुन्हा वाढून दुखणं परतही यायचं.

मला विचाराल, तर या गोष्टीतला सगळ्यात मोठा बदल कुठल्या औषधानं घडवला नाही. तो घडवला जॉन बोनिका यानं. हा भूलतज्ज्ञ शिक्षणाचा खर्च भागवायला कुस्त्या खेळायचा. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांचं दुखणं बघून त्याला जाणवलं, की मूळ आजारावर सगळे उपचार करतात, दुखण्याकडे मात्र कुणी नीट बघत नाही. 1953 मध्ये त्यानं फक्त वेदनेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भूलतज्ज्ञ, सर्जन, मानसोपचारतज्ज्ञ अशा सगळ्यांनी मिळून पेशंट बघावा, हा त्याचा आग्रह. आजची पेन क्लिनिकं याच विचारातून उभी राहिली.

सुईची गोष्ट पुढेही चालू राहिली. बरगडीच्या आत काही मिलिमीटरवर फुप्फुस असतं. सुई चुकली तर हवा छातीत शिरून फुप्फुस दबू शकतं. पूर्वी डॉक्टर हातानं चाचपून अंदाज घ्यायचे, आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसते. त्याच जोरावर 2016 मध्ये कॅनडात मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी पाठीच्या स्नायूखाली, फुप्फुसापासून लांब औषध सोडायची पद्धत मांडली. इरेक्टर स्पायनी ब्लॉक. आज ती कितीतरी ऑपरेशनांत वापरतात. पण त्यांच्या पहिल्या पेशंटांपैकी एकाचा कॅन्सर बरगड्यांत पसरला होता, आणि ही पद्धत त्याच्या दुखण्यासाठी वापरली गेली होती.

ब्लॉकनं कॅन्सर बरा होत नाही, हे स्पष्ट सांगतो. प्रत्येकाला तो चालतोच असंही नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. बहुतेक वेळा आधी थोड्या वेळाची भूल देऊन बघतात. फरक पडला, तरच जास्त टिकणाऱ्या उपायाचा विचार करतात. सोबत मॉर्फिनसारखी औषधं आणि रेडिएशनही असतंच.

तरीही, "कॅन्सर आहे म्हटल्यावर दुखणारच" हे वाक्य घरात कुणी म्हटलं, तर तिथे थांबू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "यांना पेन क्लिनिकला किंवा पॅलिएटिव्ह केअरला दाखवू का?" आणि हे शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवू नका, दुखायला लागलं की लगेच विचारा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!