मफुलेटा : गिऱ्हाइकांनी घडवलेले सँडविच

१/
अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरात डिकेटर नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरील ९२३ क्रमांकाच्या जागेत 'सेंट्रल ग्रोसरी' हे इटालियन दुकान आहे. साल्वातोरे लुपो या सिसिलीहून आलेल्या गृहस्थाने १९०६ साली ते थाटले. तेथील 'मफुलेटा' हे सँडविच आज शहराची ओळख मानले जाते. ते कोणी शोधले, याचे ठरलेले उत्तर 'लुपो' असे आहे. हे उत्तर अपुरे आहे.

२/
प्रथम पदार्थाविषयी. मफुलेटा हे मुळात सँडविचाचे नव्हे, पावाचे नाव. सिसिलीतील हा गोल, चपटा, मऊसर पाव. वर तीळ पेरलेले. न्यू ऑर्लिन्समधील पाव साधारण वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरांच्या आसपास रुंद असतो. तो आडवा चिरून त्यात हॅम, सलामी आणि मोर्तादेला या थंड मांसाच्या पातळ चकत्या, प्रोव्होलोनेसारखे चीज आणि ऑलिव्हचे सॅलड भरतात.

३/
यातील सॅलड हा शब्द मराठी वाचकाची दिशाभूल करील. हिरवी-काळी ऑलिव्ह फळे, सेलरी, फ्लॉवर, गाजर, लसूण आणि ओरेगानो हे सारे बारीक चिरून ऑलिव्हच्या तेलात मुरवलेले असते. कोशिंबिरीपेक्षा त्याचे नाते लोणच्याशी अधिक जवळचे. त्याचे तेल पावात झिरपते, आणि सँडविच थोडा वेळ कागदात गुंडाळून ठेवल्यास अधिक चविष्ट लागते. अख्खे सँडविच एकट्याने संपवणे कठीण. म्हणून ते अर्धेही विकले जाते.

४/
आता माणसांविषयी. पालेर्मो आणि न्यू ऑर्लिन्स या बंदरांमध्ये लिंबू-संत्र्यांचा व्यापार जुना. फळांच्या जहाजांमागून माणसेही आली. अमेरिकी यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली आणि लुइझियानातील उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. सिसिलीतील भूमिहीन शेतकऱ्यांना त्यांनी आणवले. विसावे शतक उजाडेपर्यंत शहराच्या जुन्या फ्रेंच वस्तीचा खालचा भाग 'लिटल पालेर्मो' म्हणून ओळखला जाऊ लागला. मळ्यातून सुटलेले अनेक जण भाजीपाला आणि फळे पिकवू लागले. इंडिपेंडन्स या गावाच्या परिसरात तर सिसिलियन शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीची शेती भरभराटीस आणली.

५/
या लोकांविषयी शहराचे मत काय होते, हे १८९१ सालाने दाखवून दिले. १५ ऑक्टोबर १८९० रोजी रात्री पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. संशय इटालियनांवर आला आणि धरपकड सुरू झाली. १९ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांपैकी नऊ जणांचा खटला प्रथम चालला. १३ मार्च १८९१ रोजी ज्यूरीने सहा जणांस निर्दोष ठरवले आणि तिघांबाबत तिचे एकमत झाले नाही.

६/
दुसऱ्या दिवशी सकाळी हजारोंचा जमाव तुरुंगावर चालून गेला. ११ माणसे मारली गेली. त्यांत तिघे निर्दोष सुटलेले होते, तिघांचा निकाल लागलेला नव्हता आणि पाच जणांवर खटला उभाही राहिला नव्हता. दोषी ठरलेला त्यांत एकही नव्हता. मृतांपैकी जोसेफ माचेका हा फळांचा मोठा व्यापारी होता.

७/
ही गल्लीतील गुंडांची झुंड नव्हती, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जमाव जमवण्याचे आवाहन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. पुढारी वकील आणि प्रतिष्ठित नागरिक होते. त्यांपैकी जॉन पार्कर हे पुढे, १९२० ते १९२४ या काळात, लुइझियानाचे गव्हर्नर झाले. इटलीशी राजनैतिक संबंध ताणले गेले; अखेर अमेरिकेने इटलीस सुमारे २५,००० डॉलर भरपाई दिली. शिक्षा कोणालाही झाली नाही.

८/
या झुंडबळीनंतर अवघ्या १५ वर्षांनी, त्याच शहरात, लुपोने दुकान उघडले. समोर होता फ्रेंच मार्केट हा नदीकाठचा जुना बाजार. तेथील विक्रेत्यांत आणि माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांत सिसिलियनांचा मोठा भरणा होता. लुपोची पहिली गिऱ्हाइके म्हणजे हीच माणसे. पहाटे माल उतरवून, दुपारी पोटाला काही हवे म्हणून रस्ता ओलांडून येणारी.

९/
सँडविचाची जन्मकथा लुपोची कन्या मरी लुपो तुसा हिने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाककृतींच्या पुस्तकात सांगितली आहे. शेतकरी दुकानात येत. थोडी सलामी, थोडे हॅम, चीजचा तुकडा, ऑलिव्हचे सॅलड आणि पाव घेत. सिसिलियन रीतीप्रमाणे प्रत्येक जिन्नस वेगळा खात. बसायला खोकी आणि पिंपे. मांडीवर तबक तोलत, एका हाताने पाव आणि दुसऱ्या हाताने सलामी खाण्याची कसरत चाले. ती पाहून लुपोने सुचवले की पाव चिरून सारे आतच का भरू नये?

१०/
कथा येथे संपली असती तर ती एका चतुर दुकानदाराची कथा झाली असती. परंतु मरीच्या कथनात पुढचा तपशील आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच मोलाचा. दुकानात दोन प्रकारचे पाव मिळत: एक लांब, वेणीसारखा गुंफलेला, जाड सालीचा, दुसरा गोल मफुलेटा. लांब पावात जिन्नस भरले तेव्हा तो चावता येईना. गोल पाव मऊ असल्याने दाताखाली सहज येई. तोच टिकला. मग शेतकरी बाकीच्या जिनसांची नावे घेण्याचे सोडून नुसते 'मफुलेटा' मागू लागले. पावाचे नाव सँडविचास मिळाले ते असे.

११/
म्हणजे कल्पना दुकानदाराची, निवड गिऱ्हाइकांची आणि नावही गिऱ्हाइकांचेच. ही कथा कुटुंबाने, अनेक दशकांनंतर, आपल्या दुकानाविषयी सांगितलेली आहे, हे विसरून चालणार नाही. अशा कथांत संस्थापकाची प्रतिमा उजळ होते. तरीही हीत एक विश्वासार्ह खूण आहे. पहिला प्रयत्न फसल्याची नोंद सहसा कोणी फुशारकीसाठी करत नाही.

१२/
हे उदाहरण एकटे नाही. मेन राज्यातील पोर्टलंड बंदरात जोव्हानी आमातो हा इटालियन बेकर विसाव्या शतकाच्या प्रारंभी कामगारांना पाव विकत असे. पाव चिरून त्यात मांस आणि चीज भरून द्यावे, अशी मागणी कामगारांनीच केली, असे त्याच्या दुकानाची परंपरा सांगते. तेथे या सँडविचास आजही नुसते 'इटालियन' म्हणतात. फिलाडेल्फियात त्याच्या भावंडास 'होगी' म्हणतात, न्यू यॉर्कमध्ये 'हिरो', अन्यत्र 'सबमरीन'. या नावांच्या व्युत्पत्त्यांवर बरीच शाई खर्च झाली आहे आणि बहुतेक कथा परस्परविरोधी आहेत. तो वाद येथे बाजूस ठेवणेच बरे.

१३/
न्यू ऑर्लिन्सचे दुसरे प्रसिद्ध सँडविच 'पो'बॉय'. त्याची रूढ कथा १९२९ च्या ट्रामसंपाशी जोडलेली आहे: मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट खाऊ घातले, असे ती सांगते. त्या सँडविचाचा लांब, दोन्ही टोकांस सारखा जाड पाव भाजून देणारा बेकर होता जॉन गेंडुसा, म्हणजे पुन्हा इटालियनच. शहर ज्याला आपले 'फ्रेंच' सँडविच समजते, त्याच्या भट्टीत इटालियन हात होता.

१४/
मात्र बिगर-इटालियन अमेरिकेचे या अन्नाविषयीचे मत दीर्घकाळ प्रतिकूल होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत समाजसेविका आणि आहारतज्ज्ञ स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरात डोकावत. लसूण, मसाले, कडक सलामी आणि एकाच भांड्यात शिजवलेले मिश्र पदार्थ त्यांना पचनास घातक वाटत. जे घर अजूनही स्पॅगेटी खाते ते अजून अमेरिकन झाले नाही, असा शेरा मारला जाई. लसणाला थट्टेने 'ब्रॉन्क्सचा व्हॅनिला' म्हणत. ही मते चवीविषयी असल्याचा आव आणत, पण मोजमाप माणसांचे चाले.

१५/
मत बदलले, परंतु सरळ रेषेत नव्हे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात शहरांतील इटालियन खानावळींत घरगुती वाइन मिळे. तिच्या ओढीने आलेल्या गिऱ्हाइकांना जेवणाचीही गोडी लागली. नेमक्या याच काळात, १९२४ साली, अमेरिकी संसदेने स्थलांतराचा कायदा केला आणि इटलीचा वार्षिक कोटा चार हजारांहूनही खाली आणला. त्याआधीच्या ऐन भरतीच्या वर्षांत दोन लाखांहून अधिक इटालियन दरसाल येत होते. जिभेने दार उघडले त्याच वेळी संसदेने ते लावून घेतले.

१६/
अन्न आवडले की ते शिजवणारेही आवडू लागतात, ही समजूत खाद्येतिहासात फार लोकप्रिय आहे. १९२४ ची तारीख तिला छेद देते. १९४२ मध्येही तेच. अमेरिका युद्धात उतरल्यावर नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन 'शत्रुदेशीय' ठरले. रेडिओ आणि कॅमेरा बाळगण्यावर बंधने आली, प्रवासावर आली. ही बंधने त्याच वर्षी कोलंबस दिनी उठवली गेली. ती उठवण्यामागे स्पॅगेटीचे प्रेम असल्याचे कोणी सांगत नाही. सैन्यात भरती झालेले इटालियन-अमेरिकन तरुण आणि त्यांच्या समाजाची मते ही कारणे अधिक पटणारी आहेत.

१७/
युद्धानंतर चित्र पालटले. फ्रेंच क्वार्टर पर्यटनस्थळ झाले. शेतकऱ्यांच्या जागी पर्यटक आले आणि सेंट्रल ग्रोसरीच्या दाराशी रांगा लागू लागल्या. खोक्यांवर बसून खायचे मजुरांचे जेवण पाहुण्यांनी घरी न्यायची भेटवस्तू बनले. नव्या गिऱ्हाइकांचे प्रश्नही नवे होते. त्यांतील एक वाद आजतागायत मिटलेला नाही: मफुलेटा थंड खावे की गरम?

१८/
सेंट्रल ग्रोसरी ते थंडच देते. थंड पक्षाचे म्हणणे असे की तेल पावात मुरणे हाच या पदार्थाचा आत्मा. भट्टीत घातले की सलामीची चरबी सुटते आणि ऑलिव्हचा तिखट-आंबटपणा मावळतो. गरम पक्षाचे आवडते ठिकाण काही गल्ल्या पलीकडे, 'नेपोलियन हाउस' या जुन्या वास्तूत. ही वास्तू इम्पास्तातो या सिसिलियन कुटुंबाने विसाव्या शतकात चालवली. तेथे सँडविच गरम करून देतात. चीज वितळते आणि पावाची साल खुसखुशीत होते. या पक्षास थंड मफुलेटा जड आणि तेलकट वाटते.

१९/
येथे पुराव्याचा कौल मागायचा झाला तर जुनेपणाचे पारडे थंड पक्षाकडे झुकते. किराणा दुकानाच्या फळीवर पिंपावर बसून खाण्याच्या जेवणात भट्टीला जागा नव्हती. मात्र 'मूळ रूप तेच शुद्ध' हा युक्तिवाद या सँडविचास शोभत नाही. मूळ रूप शोधत गेल्यास पावात काही भरलेलेच सापडत नाही. तबकावर वेगवेगळे जिन्नस सापडतात. खुद्द पश्चिम सिसिलीत नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या स्मरणदिनी, मऊ मफुलेटा तेल, खारवलेली अँचोव्ही मासळी आणि ओरेगानो घालून खातात, तेही गरम गरम. हॅम, मोर्तादेला आणि ऑलिव्हच्या सॅलडाचा गठ्ठा त्यात भरणे ही न्यू ऑर्लिन्सची करणी.

२०/
सेंट्रल ग्रोसरीच्या शेजारीच 'प्रोग्रेस ग्रोसरी' हे दुसरे इटालियन दुकान कित्येक दशके चालले. तेथेही मफुलेटा मिळे. कोणाचे सॅलड सरस, कोणाचा पाव ताजा, यावर शहरातील घराणी पिढ्यान्‌पिढ्या वाटलेली होती. अशा निष्ठेची कागदोपत्री नोंद फारशी होत नाही, पण दुकाने चालतात ती तिच्याच बळावर. एकाच रस्त्यावर दोन दुकाने एकच सँडविच इतकी वर्षे विकू शकली, हाही एक पुरावाच आहे: पदार्थ कोणा एकाच्या मालकीचा उरला नव्हता.

२१/
१२ एप्रिल २०१९ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या महापौर लाटोया कँट्रेल यांनी १८९१ च्या हत्याकांडाबद्दल शहराच्या वतीने अधिकृत क्षमायाचना केली. मधे १२८ वर्षे गेली होती. मफुलेटा शहराच्या अभिमानाचा विषय होऊन तोवर कितीतरी दशके लोटली होती.

२२/
२९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा चक्रीवादळ लुइझियानावर आदळले. शेजारच्या इमारतीची भिंत सेंट्रल ग्रोसरीच्या छतावर कोसळली आणि दुकान बंद पडले. दुरुस्ती तीन वर्षांहून अधिक काळ रेंगाळली. त्या अवधीत कुटुंबाने सँडविच इतर दुकानांतून विकणे चालू ठेवले. गिऱ्हाइके तेथे जाऊन ते घेत राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये डिकेटर रस्त्यावरील दार पुन्हा उघडले. मफुलेटा तेथे अजूनही थंडच मिळते.