संगणक साक्षरता : अमरावती व अकोला जिल्हे

संगणक साक्षरता : संगणक, स्मार्टफोन व इंटरनेट यांचा रोजच्या कामापुरता वापर दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येणे. यंत्र हाताळणे, मराठी व इंग्रजी मजकूर लिहिणे, फाइल साठवून पुन्हा शोधून काढणे, संकेतस्थळावरून माहिती मिळवणे, ईमेल पाठवणे, अर्ज भरणे, पैशांचा व्यवहार करणे आणि हे सारे करताना फसवणूक टाळणे, एवढी कौशल्ये तीत येतात. प्रोग्रॅम लिहिणे हा तिचा भाग नव्हे. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत ‘कॉम्प्युटर येते’ या शब्दांचा अर्थ काळाबरोबर बदलत गेला. आधी तो टायपिंगशी जोडलेला होता, नंतर ‘एमएससीआयटी’च्या प्रमाणपत्राशी. आज तो सातबारा, पीक पाहणी, शिष्यवृत्ती आणि बँक खाते यांच्याशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी : संगणक येण्यापूर्वी कारकुनी नोकरीची वाट टायपिंग इन्स्टिट्यूटमधून जात असे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० व इंग्रजी ४० शब्दगतीची परीक्षा हे सुशिक्षित तरुणांचे पहिले भांडवल होते. पुढे टंकयंत्रे मागे पडली आणि हीच परीक्षा संगणकावर होऊ लागली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ते नेण्याचा एक मोठा आरंभीचा प्रयत्न १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांत झाला. तो भाग सहकारी साखर कारखान्यांचा होता. कापसाच्या कोरडवाहू वऱ्हाडात मात्र संगणक प्रथम दिसला तो महाविद्यालयांत, सरकारी कार्यालयांत आणि तालुक्याच्या गावच्या खाजगी क्लासमध्ये.

अक्षरओळखीच्या बाबतीत हे जिल्हे मागे नव्हते. २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८७ टक्क्यांच्या वर होती. परंतु वाचता येणे आणि यंत्र चालवता येणे यांतील अंतर देशभर मोठे होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाच वर्षांवरील लोकांपैकी ९.९ टक्के लोकांना संगणक चालवता येत होता. शहरी भागात हे प्रमाण ३२.४ टक्के होते.

अभ्यासक्रम : राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) ही कंपनी स्थापन झाली. विवेक सावंत हे तिचे संस्थापक व्यवस्थापकीय संचालक. ‘एमएससीआयटी’ हा तिचा सर्वांत परिचित अभ्यासक्रम असून राज्यात एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला आहे. शिक्षण गावोगावच्या अधिकृत केंद्रांत होते आणि प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते. शिकणारा पडद्यावरचा पाठ पाहतो आणि लगेच तीच कृती स्वतः करून बघतो. चूक झाली तर पाठ पुन्हा करता येतो. वर्गात हात वर करायला संकोचणाऱ्या प्रौढांना आणि गृहिणींना ही पद्धत सोयीची ठरली. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता आवश्यक झाल्याने दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत ‘एमएससीआयटी करून घेणे’ ही वऱ्हाडातील घराघरांची रीत झाली.

केंद्र शासनाच्या नाइलिट संस्थेचा ८० तासांचा ‘सीसीसी’ हा याच पातळीवरचा दुसरा अभ्यासक्रम. खेड्यांसाठी २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर झाले. १४ ते ६० वयोगटातील, कुटुंबातील एका व्यक्तीला २० तासांचे मोफत प्रशिक्षण, अशी त्याची रचना होती. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांचे उद्दिष्ट ठेवलेले हे अभियान मार्च २०२४ मध्ये संपले, तेव्हा देशभरात त्याहून अधिक लोकांचे प्रशिक्षण झाले होते. वीस तासांत ओळख होते; सराव मात्र घरी यंत्र असेल तरच टिकतो, ही त्याची मर्यादा.

शिकण्याचा क्रम : जुन्या क्रमात आधी संगणक, मग इंटरनेट येत असे. माउस धरणे, एकदा व दोनदा क्लिक करणे, फोल्डर बनवणे, पत्र लिहून छापणे, हिशेबाचा तक्ता करणे आणि शेवटी ब्राउझर व ईमेल, असे धडे असत. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि हा क्रम उलटला. आता नवशिका येतो तोच व्हॉट्सॲप व यूट्यूब वापरत. पडद्याला बोट लावायची त्याला सवय असते. अडते ते फाइलपाशी. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ फोनमध्ये नेमकी कुठे साठली, तिचे नाव कसे बदलायचे, फोटो अर्जात सांगितलेल्या केबीत कसा बसवायचा, हे त्याला शिकावे लागते. म्हणून आजच्या नवशिक्याला फाइल, फोल्डर आणि पासवर्ड या तीन गोष्टी सर्वांत आधी नीट शिकवणे हिताचे ठरते.

मराठी लेखन : देवनागरी टंकलेखन हा संगणक साक्षरतेचा गाभा आहे, कारण स्वतःचे नाव व गाव स्वतःच्या लिपीत लिहिता आल्यावरच यंत्र आपले वाटू लागते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरी १९९१ पासून आहे. युनिकोड न पाळणाऱ्या ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ यांसारख्या फाँटांतील मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. युनिकोडमुळे ही अडचण दूर झाली. भारतीय भाषांसाठी प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. मांडणी ध्वनींच्या क्रमावर आधारलेली असल्याने बाराखडी येणाऱ्याला ती लवकर बसते.

‘वऱ्हाड’ हा शब्दच या शिक्षणाची चांगली कसोटी आहे. साधा र, हलन्त आणि ह टाइप केले तर र चा रफार होऊन ‘वर्हाड’ उमटते. योग्य रूपासाठी ऱ हे वेगळे अक्षर लागते. इनस्क्रिप्टवर इंग्रजी बीच्या जागी व, शिफ्ट धरून जेवर ऱ, डीवर हलन्त, यूवर ह, ईवर काना आणि डाव्या चौकोनी कंसाच्या कळीवर ड, अशा सहा कळींत ‘वऱ्हाड’ पूर्ण होते. ‘बऱ्हाणपूर’, ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ हे शब्द याच नियमाने लिहिता येतात. ज्यांना कळफलक अवघड जातो त्यांच्यासाठी फोनवर मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे.

हरिसाल : अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, परतवाडा-धारणी रस्त्यावर मेळघाटच्या जंगलात वसलेले हे गाव २०१६ मध्ये देशातील पहिले ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आले. राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने तेथे इंटरनेट, दूरवैद्यकसेवा व ई-शिक्षण यांची योजना आखली गेली. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचे तंत्र त्यासाठी निवडले होते. या लहरी साध्या वायफायपेक्षा लांब पोहोचतात आणि झाडी व चढउतार यांतूनही जातात. या सुविधा प्रत्यक्षात चालतात की नाही, हा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात राज्यभर वादाचा विषय झाला. जोडणी आणली तरी तिच्यामागे अखंड वीज, दुरुस्ती आणि शिकवणारा माणूस कायम उभा राहावा लागतो, हे या गावाच्या निमित्ताने स्पष्ट झाले. मेळघाटात भाषेचाही प्रश्न आहे. कोरकू घरातील मूल शाळेत मराठी शिकते आणि यंत्रावर इंग्रजी शब्दांना सामोरे जाते. म्हणजे संगणक त्याच्यापर्यंत तिसऱ्या भाषेतून येतो. तेथे शिकवणाऱ्याला कोरकू येणे हे यंत्राइतकेच मोलाचे आहे.

उपयोग : शेतकऱ्यासाठी ही साक्षरता आता शेतीच्या कामाचाच भाग झाली आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला; एका उताऱ्याचे शुल्क १५ रुपये ठरले. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी तलाठी करत असे ती पिकाची नोंद शेतकरी आता स्वतः वावरात उभा राहून फोनवर करतो आणि पिकाचा फोटो जोडतो. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, तेल्हारा या कापूसपट्ट्यात पेरणीइतकीच नोंदणीची तारीखही सांभाळावी लागते. विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज व शिष्यवृत्ती, निवृत्तांचा हयातीचा दाखला, रेल्वेचे आरक्षण ही कामेही याच मार्गाने होतात.

आपले सरकार सेवा केंद्रे, सेतू आणि झेरॉक्सची दुकाने या कामांत मोठी मदत करतात. परंतु ‘ऑनलाइन करून घेणे’ आणि ‘ऑनलाइन करणे’ यांत फरक आहे. पहिल्यात पासवर्ड, ओटीपी आणि कधी ईमेलसुद्धा दुसऱ्याच्या हाती राहतो. पुढे योजनेचा हप्ता का अडला हे पाहायलाही त्याच दुकानाची पायरी चढावी लागते.

सुरक्षितता : नवशिक्याने काही नियम पहिल्याच दिवशी शिकावेत. ओटीपी व पिन कोणालाही सांगू नये. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तो मागितला तर ती फसवणूक समजावी. शासकीय संकेतस्थळांचा पत्ता साधारणतः ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, तो तपासावा. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रावर काम झाले की खात्यातून बाहेर पडावे आणि उतरवलेली कागदपत्रे तेथील यंत्रावरून पुसावीत. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

मूल्यमापन : प्रमाणपत्रांची संख्या हे संगणक साक्षरतेचे सोपे माप आहे, पण पुरेसे नाही. खरी कसोटी कामाची आहे. एखाद्या शेतकरी बाईने आपला सातबारा स्वतः उतरवला, त्यावरचे आपले नाव वाचून चूक ओळखली आणि तक्रार मराठीत लिहून पाठवली, तर ती साक्षर झाली. मग तिच्याजवळ प्रमाणपत्र असो वा नसो. ज्या कुटुंबांत फोन एकच आणि तो घरच्या पुरुषाच्या खिशात, तेथे ही कसोटी अजून दूर आहे. म्हणून पुढील प्रशिक्षणात नोंदलेल्या नावांइतकाच, शिकल्यानंतर यंत्र कोणाच्या हाती राहिले याचा विचार व्हायला हवा.