लहान मुलांचा हट्ट आणि आदळआपट : कधी समजून घ्यावे, कधी डॉक्टरांना दाखवावे?

दुकानात चॉकलेट दिले नाही म्हणून दोन वर्षांचे मूल जमिनीवर लोळण घेते, किंचाळते, हातपाय आपटते. लोक बघायला लागतात आणि घरी ‘फार लाडावून ठेवलंय’ असे ऐकावे लागते. बहुतेक वेळा यात ना मुलाचा दोष असतो, ना तुमच्या संगोपनाचा.

असे का होते?

साधारण 1 ते 3 वर्षे वयात मुलाला स्वतःचे मन कळू लागते, पण ते सांगायला पुरेसे शब्द नसतात. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर अजून बराच अपरिपक्व असतो. त्यात भूक, अपुरी झोप किंवा आजारपण आले की तोल जातो. बोलणे वाढते तसा हा त्रास चौथ्या वर्षापर्यंत बराच कमी होतो.

त्या क्षणी काय करावे?

- आधी स्वतः शांत राहा. मुलाला लागणार नाही अशा जागी घ्या आणि जवळ थांबा.
- कमी शब्दांत बोला : “तुला राग आलाय. चॉकलेट हवं होतं ना?” समजावणे नंतर.
- रडणे थांबावे म्हणून नाकारलेली वस्तू देऊ नका. आई नाही म्हणाली आणि आजीने दिली, तर मूल जोरात रडायला शिकते. घरातल्या सर्वांचा नियम एकच हवा.
- मारू नका, ‘डॉक्टर सुई टोचतील’ अशी भीती घालू नका.
- शांत झाल्यावर जवळ घ्या. मूल नीट वागते तेव्हा आवर्जून कौतुक करा.

दिवसाची घडी बसवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते. या वयात रोज किमान 3 तास हालचाल, खेळ हवा. दोन वर्षांखालील मुलांना मोबाईल-टीव्ही नको. त्यानंतर जास्तीत जास्त 1 तास, तोही कमीच बरा. जेवताना मोबाईल देण्याची सवय मोडताना पहिले काही दिवस रडारड होईल, पण माघार घेऊ नका.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- आदळआपट रोज अनेक वेळा होते, 25 मिनिटांहून जास्त चालते किंवा मूल स्वतःला इजा करून घेते
- चौथ्या वर्षानंतरही त्रास कमी न होता वाढतो आहे
- नावाने हाक मारल्यावर बघत नाही, नजरेला नजर देत नाही
- दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द नाही
- दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही
- येत असलेले शब्द किंवा कौशल्ये गेली आहेत (हे कोणत्याही वयात गंभीर)
- रडता रडता श्वास रोखून मूल निळे पडते किंवा शुद्ध हरपते. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते, म्हणून रक्त तपासावे. क्वचित हृदयाचे किंवा फिटचे कारण असू शकते.

‘याचा बाबाही उशिराच बोलला होता’ म्हणून वाट पाहणे, ही मी नेहमी पाहतो ती चूक. न बोलता येणारे मूल चिडून व्यक्त होते आणि घरात त्याला हट्टी ठरवले जाते. अशा वेळी कानांची तपासणी आणि विकासाची चाचणी लगेच करून घ्या. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका मेंदूचा प्रतिसाद चांगला मिळतो.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची मोफत तपासणी होते. गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तुमच्या अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा.

तपासणीत सर्व ठीक निघाले, तर एक काळजी कमी झाली. काही आढळले, तर उपचाराचा मोलाचा वेळ हाती राहिला.